आंब्याच्या खोडातील भिरूड : ओळख, जीवनक्रम व बंदोबस्त

कोकणातील आंबा बागायतदारास तुडतुडा ठाऊक असतो, भुरी ठाऊक असते व फळमाशीही ठाऊक असते. या तिन्हींमुळे होणारी हानी त्याच हंगामात डोळ्यांस दिसते, आणि त्यामुळे त्यांवरील उपायही बहुधा वेळेवर होतात. परंतु जिच्यामुळे एका हंगामाचे पीक नव्हे तर सबंध झाडच हातचे जाते, त्या किडीची ओळख फारच थोड्यांना असते. ही कीड म्हणजे खोड पोखरणारा भुंगा होय. यास कोकणात भिरूड, व कोठे कोठे रोठा, असे म्हणतात. काजूवरील रोठा हा याच कुळातील परंतु निराळा भुंगा आहे. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

नोकरीच्या आरंभीच्या काळात प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात आलेले एक उदाहरण येथे देणे उचित होईल. रत्नागिरी जिल्ह्यातील एका वाडीत सुमारे साठ वर्षांचे हापूसचे कलम एका बाजूने वाळू लागले होते. मालकीणबाई वयस्क होत्या. "साहेब, झाडास वाळवी लागली आहे, आमच्या सासऱ्यांनी लावलेले आहे, काही करा," असे त्यांनी सांगितले. बुंध्याशी वाळवीची माती खरोखरच दिसत होती. ती पाहून लेखकानेही वाळवीचाच उपाय सांगितला व तो परत आला. पुढील वर्षी झाड पूर्ण वाळले. ते तोडले तेव्हा खोडात अंगठ्याएवढ्या रुंद बोगद्यांचे जाळे आढळले आणि त्यांपैकी एका बोगद्यात बोटाहून जाड अशी पांढुरकी अळी जिवंत सापडली. वाळवी आली होती ती मेलेल्या लाकडावर, मागाहून. झाड मारणारी कीड दुसरीच होती व ती वर्षभर आत असूनही तपासणाऱ्यास दिसली नव्हती. हा दोष त्या बाईंचा नव्हता, तपासणाऱ्याचा होता. अशी चूक इतरांकडून होऊ नये म्हणून या किडीचा जीवनक्रम जरा विस्ताराने येथे देत आहोत.

भुंग्याचे रूप

ढालपंखी कीटकांच्या गणात लांब शृंगिका असलेल्या भुंग्यांचे एक मोठे कुळ आहे. शास्त्रज्ञ त्यास सेरॅम्बिसिडी असे म्हणतात. जगात या कुळातील ३५ हजारांच्या आसपास जाती ज्ञात असून त्यांतील बहुतेकांच्या अळ्या लाकूड अथवा साल खाऊन वाढतात. आंब्यावरील भिरुडाचे शास्त्रीय नाव बॅटोसेरा रुफोमॅक्युलाटा असे आहे. स्वीडनमधील निसर्गशास्त्रज्ञ द गेर याने या भुंग्याचे वर्णन १७७५ मध्ये प्रथम केले. नावाच्या उत्तरार्धाचा अर्थ 'तांबड्या ठिपक्यांचा' असा आहे व तीच या भुंग्याची सर्वांत सोपी खूण होय.

पूर्ण वाढलेला भुंगा ३.५ ते ५ से.मी. लांब, दणकट व राखी तपकिरी रंगाचा असतो. डोक्याच्या मागील भागावर, म्हणजे मानेसारख्या दिसणाऱ्या ढालीवर, मूत्रपिंडाच्या आकाराचे दोन नारिंगी तांबूस डाग जवळजवळ असतात. या ढालीच्या दोन्ही बाजूंस एकेक अणकुचीदार काटा असतो. भुंगा निष्काळजीपणे मुठीत धरल्यास तो चांगलाच टोचतो. पाठीवरील कठीण पंखांवर लहानमोठे पिवळसर ठिपके विखुरलेले असतात, आणि पंखांच्या मुळाशी काळ्या बारीक पुटकुळ्या दिसतात. शरीराच्या दोन्ही कुशींवरून डोक्यापासून शेपटापर्यंत एक पांढुरका पट्टा गेलेला असतो. नराच्या शृंगिका शरीराहून बऱ्याच लांब असतात. मादीच्या शरीराइतक्या किंवा किंचित अधिक भरतात. हातात धरला असता हा भुंगा मान वरखाली करून किरकिर असा आवाज काढतो. तो आवाज तोंडाचा नव्हे. शरीराचे दोन भाग एकमेकांवर घासल्याने तो निघतो.

नारळावरील गेंड्या भुंग्याशी याची गल्लत करू नये. गेंड्या भुंगा काळा, आखूड, जाड व डोक्यावर शिंग असलेला असतो. त्याच्या अळ्या शेणखताच्या खड्ड्यात वाढतात व आंब्याच्या खोडास त्या लागत नाहीत. काही बागायतदार उकिरड्यातील अळ्या मारून भिरुडाचा बंदोबस्त केला असे समजतात; ती समजूत चुकीची आहे.

पावसाळ्यातील काही महिने

मृगाच्या सरी पडू लागल्या की भुंगे खोडातून बाहेर येऊ लागतात. बाहेर पडण्याचे छिद्र वाटोळे, बोट आत जाईल एवढे, व कडा स्वच्छ कापलेली असे असते. भुंगा रात्रिंचर असून दिवसा फांद्यांच्या बेचक्यात अथवा सालीला चिकटून स्वस्थ बसतो. सालीचा व त्याचा रंग मिळताजुळता असल्यामुळे तो सहसा दृष्टीस पडत नाही. रात्री दिव्याकडे येण्याची त्यास सवय आहे. पावसाळ्यात बागेतील घराच्या अथवा मांगराच्या दिव्यावर असा मोठा मिशाळ भुंगा आढळला, तर आपल्या किंवा शेजारच्या बागेत एखादे झाड पोखरले गेले आहे असे निश्चित समजावे.

बाहेर आल्यानंतर भुंगे काही काळ कोवळ्या डहाळ्यांची साल कुरतडून खातात. हे नुकसान किरकोळ असते. खरे महत्त्व आहे ते मादीच्या अंडी घालण्याला. मादी आपल्या बळकट जबड्यांनी खोडाच्या किंवा जाड फांदीच्या सालीत आडवी चीर पाडते व तीत एकच अंडे घालून ती चीर चिकट स्रावाने लिंपते. सालीतील नैसर्गिक भेगा, कोयतीचे घाव, मोडक्या फांदीचे खुंट अशा जागाही तिला सोयीच्या वाटतात. अंडे तांदळाच्या दाण्यासारखे लांबट, सुमारे ६ ते ७ मि.मी. लांब व मळकट पांढरे असते. एक मादी आपल्या आयुष्यात २०० पर्यंत अंडी घालू शकते. ती एकाच झाडावर घालत नाही, ठिकठिकाणी घालत फिरते. एका पोखरलेल्या कलमाची उपेक्षा झाल्यास सर्व वाडीस धोका पोहोचतो तो यामुळेच.

सालीखालील व लाकडातील अळी

एक ते दोन आठवड्यांत अंड्यातून बारीक अळी बाहेर येते. ती प्रथम लाकडात शिरत नाही. साल व लाकूड यांच्यामधील मऊ, रसाळ थर हेच तिचे पहिले अन्न असते. याच थरातून पानांनी तयार केलेला अन्नरस मुळांकडे उतरतो, आणि खोडाची जाडीही येथूनच वाढते. अळी या थरात वेडेवाकडे मार्ग पोखरीत हिंडते. खोडाच्या एका बाजूस असे मार्ग एकमेकांस मिळाले म्हणजे त्या बाजूचा अन्नपुरवठा तुटतो. वाढलेली अळी मग खालच्या लाकडात उतरते व पाणी वर नेणारा भागही पोखरू लागते.

पूर्ण वाढ झालेली अळी ८ ते १० से.मी. लांब, पिवळसर पांढरी व मांसल असते. तिला पाय नसतात. डोके लहान, गर्द तपकिरी व पुढील रुंद वळ्यात अर्धे बुडालेले असते. जबडे मात्र काळे व अतिशय कठीण असतात. पाठीवर व पोटावर जे फुगीर, खरबरीत उंचवटे असतात, ते बोगद्याच्या भिंतींना टेकवून ती पुढेमागे सरकते. लाकडात पोषण थोडे असल्यामुळे अळीला फार मोठ्या प्रमाणावर लाकूड खावे लागते आणि वाढीसही दीर्घ काळ लागतो. साधारणतः पाच महिन्यांपासून वर्षभरापर्यंत ती या अवस्थेत राहते. पोखरलेला चुरा साठू न देण्यासाठी ती सालीला लहान छिद्रे पाडते व भुसा आणि विष्ठा त्यांतून बाहेर ढकलते. बाहेरून दिसणारी खूण काय ती एवढीच.

उन्हाळ्यात अळी खोडातच प्रशस्त पोकळी करून कोषावस्थेत जाते. कोषावस्था सुमारे तीन ते चार आठवडे टिकते. कोषातून निघालेला भुंगाही लगेच बाहेर येत नाही. अंग कठीण होईपर्यंत तो आतच थांबतो, व पावसाची चाहूल लागताच बाहेर येतो. आपल्याकडे वर्षातून याची एक पिढी होते.

बागायतदाराने लक्षात ठेवण्याची गोष्ट या जीवनक्रमातच आहे. भुंगा काही महिने बाहेर असतो, पण तो रात्रीचा. लाकडात शिरलेली अळी औषधास सहसा वश होत नाही. या दोहोंच्या मध्ये मात्र एक काळ असा येतो की जेव्हा अळी नुकतीच सालीखाली वाढत असते, खोल गेलेली नसते, आणि एका साध्या चाकूने ती काढता येते. हा काळ म्हणजे पावसाळा ओसरल्यापासून दिवाळीपर्यंतचा. पावसात बाहेर टाकलेला भुसा धुऊन जातो, त्यामुळे तेव्हा काही कळत नाही. पाऊस उघडला की भुसा बुंध्याशी व फांद्यांच्या बेचक्यात साचू लागतो. नेमक्या याच वेळी आपले बागायतदार भातकापणीत गुंतलेले असतात व आंब्याकडे मोहोर येईपर्यंत फिरकत नाहीत. भिरुडाचे फावते ते या अडचणीमुळे.

खूण कशी ओळखावी

झाडाची पाहणी खालून वर करावी. बुंध्याभोवती, सालीच्या भेगांत व मोठ्या फांद्यांच्या बेचक्यांत जाडसर भुसा पडलेला दिसल्यास त्याच्या थेट वर छिद्र शोधावे. ताजा भुसा ओलसर व फिकट असतो, जुना कोरडा व काळपट. छिद्रातून पुष्कळदा तपकिरी रस पाझरून सालीवर ओघळ दिसतो. संशयित जागी चाकूच्या मुठीने ठोकून पाहावे. आतून पोखरलेली साल पोकळ वाजते. झाडाची एकच फांदी पिवळी पडून पाने गाळू लागली, किंवा एका बाजूची पालवी खुंटली, तर त्या फांदीच्या मुळापर्यंत तपास करावा.

वाळवी असल्यास सालीवर मातीचे लेप व मातीच्या नळ्या दिसतात, भुसा दिसत नाही. साल खाणारी अळी असल्यास सालीवर रेशमी धाग्यांनी विणलेली, विष्ठेने माखलेली वेडीवाकडी पट्टी दिसते. तिचे बीळ आखूड असते व ती रात्री बाहेर येऊन साल खाते. भिरुडाच्या बाबतीत माती नसते व जाळीही नसते; नुसता भुसा व रस असतो. अर्थात, एकाच झाडावर या तिन्ही किडी असू शकतात. मातीचा लेप दिसला म्हणून पुढील तपास थांबवू नये, हे वरील उदाहरणावरून स्पष्टच आहे.

अळी काढण्याची रीत

सालीखालील मार्ग कोवळा असल्यास धारदार चाकूने किंवा पटाशीने तेवढीच साल अळी सापडेपर्यंत हळूहळू सोलून काढावी व अळी मारावी. निष्कारण मोठी साल काढू नये. अळीने केलेल्या जखमेहून माणसाने केलेली जखम मोठी होता कामा नये.

अळी लाकडात उतरली असल्यास सायकलच्या चाकाची तार घ्यावी, तिचे एक टोक आकड्यासारखे वाकवावे व छिद्रातून आत घालावी. बोगदा सरळ नसल्यामुळे तार रेटू नये, फिरवीत फिरवीत न्यावी. अळी टोचली गेल्यास तारेस पांढरा चिकट द्रव लागून येतो. तसा न आल्यास अळी मेली असे धरू नये. अशा वेळी बोगद्यातील भुसा काढून पेट्रोलमध्ये भिजविलेला कापसाचा बोळा आत सारावा व सर्व छिद्रे चिखलाने घट्ट लिंपून टाकावीत. बाहेर पडणाऱ्या वाफेने अळी गुदमरते. एक छिद्र जरी उघडे राहिले तरी वाफ निघून जाते व श्रम फुकट जातात. हे काम करताना जवळ विडी, सिगारेट अथवा अग्नी असू नये. आठ दिवसांनी पुन्हा पाहावे. नवा भुसा दिसल्यास अळी जिवंत आहे, तेव्हा तोच उपचार पुन्हा करावा.

जुन्या पुस्तिकांतून या किडीसाठी बी.एच.सी. व डी.डी.टी. सुचविलेली आढळतात. डी.डी.टी.च्या शेतीतील वापरास १९८९ मध्ये व बी.एच.सी.स १९९७ मध्ये आपल्या देशात बंदी झाली. अलीकडेपर्यंत छिद्रात सोडण्यासाठी सर्रास वापरले जाणारे डायक्लोरव्हॉसही २०२० च्या अखेरीपासून बंद झाले आहे. घरात जुनी बाटली उरली आहे म्हणून ती वापरू नये. कोणतेही कीटकनाशक वापरण्यापूर्वी ते आंब्यासाठी मंजूर आहे किंवा नाही याची कृषी सहायकाकडे खात्री करून घ्यावी. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनीही ऐकीव नावे सांगू नयेत.

अळी काढल्यानंतर उघड्या जागेवर बोर्डो मलम लावावे. १ किलो मोरचूद ५ लिटर पाण्यात व १ किलो कळीचा चुना दुसऱ्या ५ लिटर पाण्यात निरनिराळा भिजवावा. भांडी मातीची, लाकडी किंवा प्लास्टिकची असावीत. लोखंडी अथवा पत्र्याचे भांडे मोरचुदाने खराब होते. चुन्याचे पाणी निवल्यावर दोन्ही द्रावणे एकत्र ओतून ढवळावीत. तयार मलमात घासून स्वच्छ केलेले चाकूचे पाते मिनिटभर बुडवून पाहावे. पात्यावर तांबूस थर आल्यास चुना कमी पडला असे समजून आणखी चुन्याची निवळी घालावी. मलम त्याच दिवशी वापरावे.

कोणती झाडे आधी पाहावीत

ज्यांचे खोड सुरकुतलेले, भेगाळलेले व जखमांनी भरलेले आहे, ज्यांवर बांडगूळ माजले आहे, ज्यांच्या फांद्या दाटून अंधार झाला आहे, ती झाडे प्रथम तपासावीत. लेखकाचे असेही निरीक्षण आहे की, दरवर्षी फळ यावे म्हणून संजीवकाची मात्रा चढती देत गेलेली, परंतु खताला व पाण्याला पारखी झालेली कलमे या किडीस लवकर बळी पडतात. कराराने बाग घेणारा दोनतीन हंगामांचा हिशेब पाहतो. झाडाचे वय मालकाच्या पदरी राहते. बाग कराराने देताना खोडांच्या तपासणीची जबाबदारी कोणावर, हे आधीच ठरवून घ्यावे.

हा भुंगा आंब्यापुरता मर्यादित नाही. फणस, अंजीर, तुती व सावर यांवरही तो वाढतो. इस्राएलमध्ये तो गेल्या शतकाच्या मध्यास पोहोचला व तेथील अंजिरांची त्याने मोठी हानी केली. पुरंदर भागातील अंजीर उत्पादकांनीही त्याची ओळख करून घ्यावी हे बरे.

काजूचा रोठा मात्र निराळा. तो भुंगा तांबूस तपकिरी, आंब्याच्या भिरुडाहून लहान व ठिपक्यांविना असतो. मादी अंडी घालते ती बुंध्याच्या खालच्या मीटरभर भागात व उघड्या पडलेल्या मुळांवर. बुंध्याशी डिंक व भुसा एकत्र दिसणे ही त्याची खूण. त्याचे भुंगे पावसाळ्यात नव्हे, मुख्यत्वे उन्हाळ्यात निघतात. म्हणून आंब्याचे वेळापत्रक काजूस लावून चालणार नाही. काजूची तपासणी हिवाळ्यापासून पावसापर्यंत दरमहा करावी व उघडी मुळे मातीने झाकावीत. बुंध्याच्या अर्ध्याहून अधिक घेराची साल खाल्ली गेली व पाने पिवळी पडली, तर ते झाड वाचविण्याची आशा न धरता मुळासकट काढावे.

एका झाडाची किंमत वाडीस कशी द्यावी लागते याचे मोठे उदाहरण मध्य भारतातील सालवनांत घडले आहे. सालाचे खोड पोखरणारा भुंगा याच कुळातील असून १९२३ ते १९२८ या काळात तत्कालीन मध्य प्रांतात व पुन्हा १९९० नंतरच्या दशकात मध्य प्रदेशात त्याने लक्षावधी वृक्ष मारले. तेथे वनखात्याने सालाचे ओंडके ठेचून ठेवण्याची रीत अवलंबिली. ठेचलेल्या सालीच्या वासाने भुंगे गोळा होतात व ते हाताने वेचून मारता येतात. आंब्याच्या भिरुडासाठी अशी सापळ्याची सोपी रीत रूढ नाही, व म्हणून प्रत्येक झाडाशी जाऊन पाहण्यास पर्याय राहत नाही.

शेवटी, तोडलेल्या लाकडाविषयी. पोखरून वाळलेली फांदी किंवा झाड तोडल्यावर ते पावसाळ्यासाठी जळण म्हणून घराच्या पडवीत अथवा बागेच्या कडेस रचून ठेवण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. वाढलेली अळी तोडलेल्या लाकडातही आपली वाढ पुरी करू शकते. अशा रचलेल्या जळणातून मृगात भुंगे निघतात व रात्रीत शेजारच्या कलमावर जातात. उपरोक्त बाईंच्या पडवीतही तेच लाकूड रचलेले होते. त्यातून दोन भुंगे निघालेले त्यांच्या नातवाने डबीत धरून लेखकास आणून दाखविले. त्या वेळी बाहेर पडण्याची छिद्रे मोजली असता ती सात भरली. म्हणून असे लाकूड वैशाखापूर्वीच फोडून, बोगदे उघडे करून, आतील अळ्या व कोष मारावेत व ते लाकूड प्रथम जाळावे. जाड ओंडके न फोडता ठेवू नयेत. वखारीस विकावयाचे असल्यास तेही पावसापूर्वीच बागेबाहेर काढावेत.